पान्याला सापडणारी गाडी

पद्मिनी टॅक्सी मजबूत होती म्हणून एवढी वर्षे चालली, असे मुंबईत कोणीही छातीठोकपणे सांगतो. सांगणारे बहुतेक मागच्या सीटवर बसलेले असतात. माझ्या वडिलांचे, आप्पांचे, परळला गॅरेज होते आणि उधारीची वही लिहायचे काम मी कॉलेजात गेले तेव्हापासून माझ्याकडे होते. त्या वहीवर विश्वास ठेवायचा तर ही गाडी कधी धड नव्हतीच. किंगपिन, बुश, हेड गॅस्केट, क्लच प्लेट, पाटा, पुन्हा किंगपिन. पण पान्याला सापडणार नाही असे तिचे एकही दुखणे नव्हते. बॉनेट उघडले की इंजिनाच्या दोन्ही अंगांनी हात खाली जाई. जे मोडे ते कुठे ना कुठे विकत मिळे, नाहीच मिळाले तर शेजारच्या लेथवर घडवून घेता येई. पद्मिनी टिकली ती या मिळण्याघडण्यावर.

आणि हे मिळणे आपोआप झालेले नाही. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीला कारखाना काढला तेव्हापासून मुंबईत गाड्या जुळवल्या जात होत्या. जुळवल्या म्हणजे परदेशातून खोक्यांत आलेले भाग इथे बोल्टने आवळले जात. स्वातंत्र्यानंतर सरकारने धोरण बदलले: सुटे भाग इथे बनवायची तयारी असेल तर राहा. जनरल मोटर्स आणि फोर्ड, दोघांनीही १९५०च्या दशकात गाशा गुंडाळला.

मागे राहिलेल्यांत सोलापूरच्या वालचंद हिराचंदांची प्रीमियर होती. वालचंदांना जहाज, विमान आणि मोटार या तिन्हींनी झपाटले होते. १९१९ साली सिंदिया कंपनी, १९४० साली बंगळूरला विमानांचा कारखाना. मोटारीचे घोडे मात्र अडून बसले. विश्वेश्वरय्यांनी १९३०च्या दशकात मोटार कारखान्याची योजना मांडली, वालचंद त्यात उतरले, इंग्रज सरकारने दाद दिली नाही आणि तेवढ्यात लढाई आली. शेवटी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याहून गाड्या बाहेर पडू लागल्या. त्या क्रायस्लरच्या, म्हणजे अमेरिकन, पेट्रोल पिणाऱ्या. फियाटशी करार झाला तो नंतर. त्यातून १९५४च्या सुमारास जी गोलमटोल फियाट ११०० आली तिला मुंबईकरांनी ‘डुक्कर फियाट’ म्हटले. जुने लोक अजून म्हणतात. मागे छोटे पंख काढलेली, कडांची ११०० डिलाइट आली १९६४ साली, आणि इथून पुढे आमच्या वहीचा संबंध सुरू होतो.

इटलीत ११००चे उत्पादन १९६९ साली थांबले. कुर्ल्यात थांबले नाही. करार संपल्यावर नाव बदलून ती प्रेसिडेंट झाली, १९७४ पासून चितोडच्या राणीवरून पद्मिनी झाली, आणि थेट २००० सालाच्या आसपासपर्यंत निघत राहिली. पस्तीसेक वर्षे एकच साचा. हा परवाना राज्याचा प्रताप, असे शिकलेले लोक म्हणतात आणि ते खरेच आहे. नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहणाऱ्या गिऱ्हाइकाला दुसरे दार नव्हते. पण मिस्त्रीच्या बाजूने बघा. भंगारात निघालेल्या सत्तरातल्या डिलाइटचा दरवाजा, मागची एक्सल, गिअरबॉक्सचे दाते नव्वदातल्या पद्मिनीत थोड्याफार खटपटीने बसत. एक टॅक्सी मेली की तीन टॅक्सी जगत. ज्या देशात दर चार वर्षांनी मॉडेल बदलते तिथे असे होत नाही. तिथे गाडी बंद पडते ती भाग मिळत नाही म्हणून.

आप्पा मुळात मोटारवाले नव्हेतच. गिरणीच्या वर्कशॉपात फिटर होते. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो संप मिटला कधी हे कोणालाच सांगता येत नाही, कारण तो रीतसर मिटलाच नाही. वाट पाहून पाहून आप्पांनी गल्लीत एक गाळा धरला. त्यांच्याच खात्यातल्या टर्नरने पुढच्या गाळ्यात लेथ टाकला. गिरणीत हे दोघे करत काय होते? लँकेशायरहून आलेली यंत्रे आजोबांच्या वयाची झाली तरी चालू ठेवत होते. सुटा भाग मागवायचा आणि येईपर्यंत थांबायचे, ही सवयच नाही. तुटलेला दाता हातात घ्यायचा, कॅलिपर लावायचा, नवा पाडायचा. आमच्या गल्लीतला बोरिंगवाला गिरणीतला, गॅस वेल्डिंगवाला गिरणीतला. मुंबईच्या टॅक्सीचा इतिहास लिहिताना गिरणी संप कोणी जमेला धरत नाही. मी धरते.

इंजिन होते १०८९ सीसीचे, चार सिलिंडरचे. ब्लॉक बिडाचा, हेड अॅल्युमिनियमचे. गाडी तापली की हेड वाकडे होई, गॅस्केट जाई, पाणी तेलात मिसळे, आणि डिपस्टिक काढली की तिला तेलाऐवजी दुधाचा चहा लागलेला. मग हेड उतरवून फेसिंगला पाठवायचे. हे काम इतक्या वेळा होई की काही हेडे घासून घासून पातळ झालेली असत, आणि आप्पा ड्रायव्हरला सांगत, “आता एकदाच. पुढच्या वेळी नवे हेड आण.” ड्रायव्हर पुढच्या वेळी चोर बाजारातून जुने हेड आणी.

इंजिन तेल पिऊ लागले, सायलेन्सरमधून निळा धूर येऊ लागला, की खरा प्रश्न उभा राही: नुसत्या रिंगा बदलायच्या की बोअर करायचा? दोन्ही खर्चांत जमीनअस्मानाचा फरक, आणि बोअरला गाडी दोन-तीन दिवस उभी, म्हणजे तेवढी कमाई बुडाली. आप्पा हेड काढून सिलिंडर फडक्याने पुसत आणि आत बोट घालून वरची कड चाचपत. रिंग जिथवर पोचते तिथवर धातू झिजतो, त्याच्या वर झिजत नाही; त्यामुळे तोंडाशी एक बारीक पायरी तयार होते. ही पायरी नखाला किती अडते यावर निकाल. नुसती जाणवली तर रिंगा. नख थांबले तर बोअर. तेही चारी बाजूंनी बघायचे, कारण पिस्टन एका अंगाला जास्त रेटतो आणि सिलिंडर गोल न राहता लंबगोल होतो. मग खात्रीसाठी डायल गेज लावत. गेजने नखाला खोटे पाडले असे फारसे झाले नाही. मूळ व्यास ६८ मिलिमीटर. बोअर करून तो किंचित वाढवायचा आणि त्या मापाचा ओव्हरसाइज पिस्टन घालायचा. असे काही वेळा जमते, मग भिंत पातळ होते. तेव्हा चारी सिलिंडरांत स्लीव्ह ठोकायच्या, बोअर पुन्हा मूळ मापावर आणायचा, आणि इंजिन हिशेबाने पुन्हा तरुण. एवढे करूनही गाडी ताळ्यावर येत नसेल तर ब्लॉकच बदलायचा आणि आरसी बुकात नवा इंजिन नंबर चढवायचा.

एवढ्यात तिने किती किलोमीटर काढले? नक्की सांगता येणार नाही, कारण आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक टॅक्सींचा स्पीडोमीटर बंद असे. भाड्याचा मीटर मात्र कधी बंद नसे! दोन्ही केबलवर चालणारे, पण एक पोटाला लागतो आणि दुसरा नाही. एवढे खरे की टॅक्सी दोन पाळ्यांत चाले, दिवसाचा ड्रायव्हर वेगळा आणि रात्रीचा वेगळा, आणि इंजिन धड थंड होत नसे. हे ऐकायला वाईट वाटते. इंजिनाला ते मानवते. झीज होते ती मुख्यतः थंड इंजिन सुरू करताना. डॉक्टरसाहेबांची रविवारी निघणारी फियाट आणि रात्रंदिवस पळणारी टॅक्सी, यांत कमी किलोमीटरवर बोअरला आलेली डॉक्टरसाहेबांची असे. उलट क्लच आणि स्टिअरिंगच्या दांडीवरचा गिअर यांची दोन पाळ्यांत वाट लागे. दोन ड्रायव्हर, दोन पाय, आणि बिघाड नेहमी दुसऱ्याने केलेला.

ऋतूप्रमाणे आजार बदलत. मे महिन्यात पेट्रोल पंप. तो इंजिनाच्या अंगालाच बसवलेला; गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली की पंपातल्या पेट्रोलची वाफ होई, पंपाला वाफ ओढता येत नाही, गाडी ठप्प. ड्रायव्हर उतरून पंपावर ओले फडके ठेवी, बिडी ओढी, फडके पुन्हा भिजवी आणि निघे. त्या काळात मुंबईतल्या टॅक्सीच्या बॉनेटखाली फडके नाही असे क्वचित. पावसाळ्यात पाळी डिस्ट्रिब्युटरची. हिंदमाताला पाणी साचले की आमच्या गल्लीच्या तोंडाशी धक्का मारत आणलेल्या टॅक्सींची रांग लागे. “मिस्त्री, गाडी उठती नहीं.” कॅप काढायची, पुसायची, पॉइंट कोरडे करायचे, प्लग काढून तापवायचे. पोरगासुद्धा करी, गॅरेजमधल्या पोऱ्यांचे शिक्षण याच रांगेत झाले. पाणी फार आत गेले असेल तर वेगळी गोष्ट.

खारी हवा आणि पावसाळा यांचे खरे भक्ष्य पत्रा. पाय ठेवायच्या जागेचा पत्रा आधी सडे. वर काथ्याची गादी आणि रबरी मॅट, त्यामुळे उतारूला कळत नसे. खाली बघितले तर रस्ता. आरटीओचे पासिंग जवळ आले की वेल्डिंगवाला ठिगळ मारी, लांबी भरून घासून सपाट करी, आणि वरून काळा-पिवळा. पासिंगचे आठवडे म्हणजे गल्लीत रंगाचा वास. पासिंग झालेली टॅक्सी दोन दिवस नवरीसारखी मिरवे, पण आप्पांना तो प्रकार पसंत नव्हता. रंगावर पैसे घालवून ब्रेक उद्यावर टाकणाऱ्याशी ते भांडत आणि उधारी बंद करीत. वहीत अशा नावांसमोर फुली आहे.

मुंबईच्या हवेवरून उच्च न्यायालयात याचिका चालली, व्ही. एम. लाल समिती बसली, आणि २००० सालाच्या आगेमागे पंधरा वर्षांवरच्या टॅक्सींना सांगण्यात आले की सीएनजी बसवा किंवा घरी बसा. गल्लीत सगळ्यांना वाटले, संपली पद्मिनी. झाले उलटेच. गॅस पेट्रोलपेक्षा स्वस्त, त्यामुळे खिळखिळ्या टॅक्सीचाही धंदा पुन्हा परवडू लागला. सिलिंडर डिकीत बसला, सामान टपावरच्या कॅरिअरवर गेले. मुंबई सेंट्रल स्टेशनाबाहेर टपावर बॅगा बांधलेल्या टॅक्सी दिसत त्या यामुळे. इंजिनाचे तेल गॅसवर स्वच्छ राही. पण व्हॉल्व्हच्या सीट खाल्ल्या जात, कारण गॅस कोरडा जळतो आणि शिशाच्या पेट्रोलने मिळणारे वंगणही गेले होते. मग आमच्या टर्नरने कठीण पोलादाच्या सीट पाडून हेडात ठोकायला सुरुवात केली. त्याच्या धंद्यातली ती सगळ्यात बरी वर्षे.

नव्वदच्या दशकात साठ हजारांवर टॅक्सी असलेल्या या शहरात पद्मिनीला शेवटी कुठल्याही बिघाडाने संपवले नाही. वयाच्या अटीने संपवले. आधी पंचवीस वर्षे, मग २०१३ पासून वीस. अट मोजते नोंदणीच्या तारखेपासून. बोअर कालच झालाय, ब्लॉक नवा आहे, हे तिला ठाऊक नसते. टॅक्सीवाल्यालाही त्याचे फार दुःख होते असे नाही, हे सांगायला हवे. त्याची मिळकत परमिट होती. गाडी भंगारात घालायची, त्याच परमिटवर सँट्रो किंवा वॅगनआर चढवायची, एवढेच. पाठीला आराम, गिऱ्हाईक खूश. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. वीस वर्षे भरली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत पद्मिनी टॅक्सी नाही. वर्तमानपत्रांत हळवे लेख आले, फोटो आले. किंगपिनबद्दल कोणी लिहिले नाही.

खासगी पद्मिनी अजून आहेत, दर पाच वर्षांनी नोंदणी वाढवून घेता येते. गॅरेज आता बंद आहे, पण माळ्यावर कागदात गुंडाळलेले काही भाग उरलेत आणि शौकीन मंडळी विचारत येतात. मागे एक तरुण किंगपिनचा सेट घ्यायला आला. आप्पांनी विचारले, गाडी रोज किती चालते? तो म्हणाला, “काका, रविवारी सकाळी मरीन ड्राइव्हपर्यंत. बाकी कव्हर घालून ठेवतो.” आप्पांनी टॅक्सीवाल्यांना लावायचे त्याच्या तिप्पट भाव सांगितला. तरुणाने काही न बोलता दिला, आणि तो गेल्यावर आप्पा मला म्हणाले, वहीत नको लिहूस, रोख आहे.