जयपूरचे यंत्र आणि पृथ्वीचे माप

जयपूरचे सम्राट यंत्र सवाई जयसिंग महाराजांनी अठराव्या शतकात उभारले. सुमारे २७ मीटर उंचीच्या या यंत्राची तिरपी भिंत क्षितिजाशी २७ अंशांचा कोन करते. हाच जयपूरचा अक्षांश होय. धातूची लहान यंत्रे झिजतात, डळमळतात, हे ओळखून महाराजांनी दगड-चुन्याचा आश्रय घेतला. वेध अचूक हवे असतील तर यंत्र मोठे व अचल असावे, हा त्यांचा निष्कर्ष होता.

पुढे खुद्द पृथ्वीचा आकार मोजताना मात्र गतिमान वस्तूच उपयोगी पडली. विषुववृत्ताजवळच्या पृथ्वीच्या फुगवट्याचे आकर्षण उपग्रहाच्या कक्षेचे प्रतल हळूहळू फिरविते. त्या फिरण्यावरून फुगवटा मोजता येतो. १९५८ पासून नैनिताल येथील बेकर-नन कॅमेरा ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर उपग्रहांची छायाचित्रे घेऊ लागला. जगभरच्या अशा वेधांवरून पृथ्वीचा चपटेपणा १/२९७ नसून १/२९८.३ च्या जवळ असल्याचे निश्चित झाले. १९५९ साली ‘व्हॅनगार्ड’च्या कक्षेवरून उत्तर-दक्षिण गोलार्धांतील सूक्ष्म विषमताही उघड झाली.

साधने पालटली, तरी चिकाटीने घेतलेल्या वेधांवाचून दोन्ही काळांत काहीच हाती लागले नसते.