बडोद्याची राजकन्या, कूचबिहारचा राजपुत्र आणि आमचं मुलचेरा

पैसा आला की जात गळून पडते, असं आमच्या मुलचेऱ्यातली शिकलेली पोरंही हल्ली बोलतात. आधी कमवा, जातीचं नंतर बघू. ज्यांच्याकडे पैशाचा डोंगर होता त्यांच्या घरात जात खरंच गळून पडली होती का, हे तपासायला आम्ही एक जुनं प्रकरण निवडलं आहे. मराठी मुलगी आणि बंगालकडचा मुलगा. आमच्या तालुक्यात सुंदरनगर, विवेकानंदपूरसारखी बंगाली निर्वासितांची गावं आहेत, त्यामुळे ही जोडी इथे कुणाला परकी वाटू नये.

मुलगी म्हणजे बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची कन्या इंदिराराजे, जन्म 1892. तिचं लग्न ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी ठरलं होतं. शिंदे वयाने बरेच मोठे आणि त्यांची एक राणी आधीच होती. मूल नाही म्हणून दुसरी आणायची होती. इथे थोडं थांबायला हवं. इंदिरेची आई चिमणाबाई म्हणजे 1911 साली भारतीय स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध करणारी सहलेखिका. वडील म्हणजे बालविवाहाविरुद्ध कायदा करणारे, अस्पृश्यांसाठी शाळा काढणारे राजे. अशा घरातली मुलगी सवतीवर द्यायला निघाली, कारण स्थळ मराठा होतं आणि तोलामोलाचं होतं.

डिसेंबर 1911 मध्ये दिल्लीत पंचम जॉर्जचा दरबार भरला. सयाजीरावांनी राजाला नीट मुजरा केला नाही म्हणून इंग्रजी वर्तमानपत्रांनी गहजब केला तो हाच दरबार. त्याच गर्दीत कूचबिहारच्या तंबूत इंदिरेचं जाणं-येणं होतं, कारण तिथल्या राजकन्या तिच्या मैत्रिणी होत्या. मैत्रिणींचा भाऊ जितेंद्र तिथेच तिच्या आयुष्यात आला. बडोद्याला परतल्यावर तिने शिंद्यांना स्वतःच्या हाताने पत्र लिहून लग्नाला नकार दिला. तिकडे ग्वाल्हेरात लग्नाची तयारी चालू होती. आईबापांना ही गोष्ट ग्वाल्हेरहून विचारणा आली तेव्हा कळली.

मग सुरू झाला विरोध, आणि आमच्या दृष्टीने खरा मुद्दा इथे आहे. जितेंद्र गरीब नव्हता. तो संस्थानिकाचा मुलगा होता, इंग्लंडमध्ये शिकलेला, केशवचंद्र सेनांचा नातू. मग अडलं कुठे? तो मराठा नव्हता. थोरला भाऊ गादीवर असल्यामुळे तो गादीचा धनीही नव्हता. त्याच्या घराण्याची चाल फार विलायती समजली जाई. आणि ज्या कोच-राजबंशी समाजातून ते घराणं वर आलं, त्याला बंगालचे उच्चवर्णीय क्षत्रिय मानायला तयार नव्हते. 1913 सालीच पंचानन बर्मांनी राजबंशींना सामुदायिक जानवी घालून क्षत्रियत्वाचा दावा मांडला. आज पश्चिम बंगालमध्ये राजबंशी अनुसूचित जातींच्या यादीत आहेत. म्हणजे राजवाडा, हत्ती, पोलोचे घोडे सगळं होतं, तरी मोजमाप जातीच्याच मापाने झालं. आणि मोजणारे कोण? सयाजीराव स्वतः नाशिककडच्या कवळाण्याच्या शेतकरी घरातून बारा वर्षांच्या वयात दत्तक आलेले! दत्तकविधीने शेतकऱ्याचं पोर राजा होऊ शकतं, पण राजाची पोरगी मनाने लग्न करू शकत नाही.

इंदिरा आणि जितेंद्र युरोपात चोरून भेटत राहिले, पत्रं लिहीत राहिले. आईचा पहारा होताच. शेवटी आईबापांनी हार मानली, पण लग्नाला आले नाहीत. ऑगस्ट 1913 मध्ये लंडनच्या नोंदणी कार्यालयात लग्न झालं, नंतर ब्राह्मो पद्धतीचा विधी झाला. काही दिवसांतच थोरला भाऊ वारला आणि जितेंद्र महाराजा झाला. ह्या थोरल्याचं एडना मे नावाच्या नटीवर प्रेम होतं. घराण्याने ते होऊ दिलं नाही आणि त्याने स्वतःला दारूत बुडवलं, असं त्या घरातूनच सांगितलं गेलं. नटीशी लग्न नाही, हा तिथला वर्गाचा कायदा.

आता ह्याच 1913 मधली दुसरी गोष्ट. इंदिरेपेक्षा जेमतेम दहा महिन्यांनी मोठा एक तरुण त्याच बडोद्याच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर जुलैमध्ये न्यूयॉर्कला पोचला. ते आपले बाबासाहेब. 1917 मध्ये करार पाळायला ते बडोद्यात परतले तेव्हा राहायला खोली मिळेना. पारशांच्या धर्मशाळेत नाव बदलून राहावं लागलं. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या पारशांनी बाहेर काढलं. ते दोन मित्रांकडे गेले. हिंदू मित्र म्हणाला, तू आलास तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्राने बायकोला विचारून सांगतो म्हटलं. नवराबायको दोघंही मूळचे ब्राह्मण. राजकन्येची मैत्री तंबूतंबूंतून फिरत होती, कोलंबियात शिकून आलेल्या माणसाची मैत्री उंबऱ्याशी संपली. दोघांचा आश्रयदाता एकच राजा होता! सयाजीरावांचे उपकार आम्ही विसरत नाही, बाबासाहेबही विसरले नाहीत. पण सुधारणा राजाच्या हुकुमाने शाळेपर्यंत येते, घराच्या दारात अडते, हेही त्याच राज्यात दिसलं.

कुणी म्हणेल, होळकरांचं काय? बरोबर आहे. 1928 मध्ये तुकोजीराव होळकरांना नॅन्सी मिलर ह्या अमेरिकन तरुणीशी लग्न करायचं होतं. तेव्हा शंकराचार्य डॉ. कुर्तकोटींनी नाशिकला तिची शुद्धी केली, ती शर्मिष्ठा झाली आणि धनगर समाजात घेतली गेली. गोऱ्या, श्रीमंत बाईला आठवड्याभरात हिंदू धर्म आणि जात दोन्ही मिळाली. त्याच नाशकात दोन वर्षांनी, 2 मार्च 1930 ला, जन्माने हिंदू म्हणवल्या जाणाऱ्या हजारो महारांना काळारामाच्या दारात अडवलं. पैशाने जात मोडली नाही, पैशाने एक जात विकत मिळाली. दोन्हींत फरक आहे.

इंदिरेचं पुढचं आयुष्यही पाहा. नवरा 1922 मध्ये गेला, तिने पुत्राच्या वतीने राज्य चालवलं. तिची मुलगी गायत्री हिने जयपूरच्या महाराजांशी चोरून लग्न ठरवलं. इंदिरेला ते पसंत नव्हतं, पण 1940 मध्ये लग्न झालं आणि गायत्री तिसरी राणी झाली. आईने नाकारलेली सवत मुलीने पत्करली. एकट्याचं बंड घराण्याची रीत बदलत नाही. म्हणून बाबासाहेबांनी 1936 मध्ये आंतरजातीय विवाहाला जातीवरचा खरा उपाय म्हटलं, पण लगेच पुढे शास्त्रांचं प्रामाण्य मोडायला सांगितलं. आपली मंडळी पहिलं वाक्य पाठ करतात, दुसरं सोडतात.

आणि ज्यांच्यापाशी लंडन नाही त्यांचं काय होतं? 2014 च्या एप्रिलमध्ये नगर जिल्ह्यातल्या खर्ड्याला एका दलित शाळकरी मुलाला मराठा मुलीशी बोलतो म्हणून ठार मारलं. 2017 मध्ये साक्षीदार फिरले आणि आरोपी सुटले. आमच्याकडचा नमःशूद्र मुलगा पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित जातीचा, महाराष्ट्रात मात्र त्या यादीतच नाही. बाबासाहेबांना 1946 मध्ये बंगालमधून संविधान सभेत पाठवायला झटलेल्या जोगेंद्रनाथ मंडलांचा हा समाज. ह्या मुलाने मराठी बौद्ध मुलीशी विशेष विवाह कायद्याने लग्न करायचं ठरवलं, तर 1954 च्या त्या कायद्याप्रमाणे दोघांची नावं, पत्ते तीस दिवस सरकारी कचेरीच्या भिंतीवर लागतात. इंदिरेची पत्रं आईपासून लपू शकली. आमच्या पोरांची नोटीस गाव वाचतं. ती भिंतीवर लावण्याची अट काढून टाका, ही मागणी घेऊन आपण तहसीलवर कधी गेलो आहोत का?