गिटारची पेटी आणि सभेचा कर्णा

वाद्यांचा इतिहास लिहिताना लाकूड, तार आणि वादकाचा हात या तिहींचाच विचार करण्याची आपल्याकडे रीत आहे. तारेतून निघालेला स्वर ज्या साधनाने श्रोत्यांच्या कानी पोहोचतो, ते साधन केवळ भारवाहक होय, अशी आपली समजूत असते. विजेच्या गिटारीपुरती तरी ही समजूत किती फसवी आहे, हे आम्हांस कळले ते ग्रंथांवरून नव्हे, तर पेण तालुक्यातील हमरापूर गावी.

हमरापूर हे गणेशमूर्तींचे गाव. तेथील कारखानदाराचा मुलगा आमचा विद्यार्थी. गणेशोत्सवात मंडपापुढे त्याचे गिटारवादन होते, म्हणून आम्ही मुद्दाम गेलो होतो. त्याने नवा प्रोसेसर घेतला होता व त्याची तार सरळ मिक्सरला जोडली होती. घरी गिटारच्या लहानशा अँप्लिफायरमधून जो स्वर गोड लागे, तोच येथे पत्र्यावर खिळा ओढावा तसा कर्कश निघाला. मुलाने यंत्रास दोष दिला, मंडळींनी ध्वनिक्षेपकवाल्यास. पूर्वी बेंजो वाजविणारे एक वृद्ध गृहस्थ तेवढे म्हणाले, "अरे बाळा, वरची धार काढ, आणि आवाज जरा खाली घे." तसे करताच स्वर पुष्कळ माणसाळला. या साध्या सल्ल्यामागे शंभर वर्षांचा इतिहास आहे.

सभेचा कर्णा आणि गिटारची पेटी ही दोन निरनिराळी कुळे होत. जेन्सन व प्रिडहॅम यांनी १९१५ साली सॅन फ्रान्सिस्को येथे ध्वनिक्षेपकाचा जाहीर प्रयोग केला. बोलणाऱ्याचे शब्द दूरवर जसेच्या तसे ऐकू जावे, हा त्याचा हेतू; म्हणून या कुळाची सारी प्रगती प्रामाणिकपणाकडे झाली. गिटारचे कुळ वेगळे. बोशँ याने १९३१ साली लॉस एंजेलिस येथे चुंबकीय पिकअपची गिटार सिद्ध केली व पुढील वर्षी ती बाजारात आली. अशा गिटारींच्या पेट्यांत पुढे बहुधा दहा-बारा इंची कागदी पडद्याचा स्पीकर रूढ झाला. सेकंदास सुमारे ५,००० कंपनांच्या वरचे स्वर त्यातून झपाट्याने मावळतात. वादकांनी व्हॉल्व्हवर शक्तीबाहेर भार टाकला, तेव्हा स्वर फाटू लागला. परंतु त्या फाटलेपणातील बोचरा अंश कागदी पडद्याने गाळून टाकला. अशा रीतीने पेटीचे वैगुण्य हाच वाद्याचा गुण ठरला. श्रोते ज्याला गिटारचा स्वर म्हणतात, तो निम्मा त्या पेटीचा आहे.

पुढे ही अवजड पेटी वाहून नेण्याचा त्रास चुकविण्यासाठी तिची नक्कल करणारी यंत्रे निघाली. १९८९ सालचे सॅन्सअँप आणि १९९८ सालचे पॉड ही त्यांतील प्रसिद्ध नावे. आजच्या प्रोसेसरमध्ये 'कॅबिनेट सिम्युलेशन' म्हणून जी सोय असते, ती म्हणजे त्या कागदी पडद्याची गणिती प्रतिमाच होय. स्वर सभेच्या ध्वनिक्षेपकात सोडावयाचा असेल तर ती सुरू हवी, आणि गिटारच्या स्वतःच्या अँप्लिफायरमध्ये सोडावयाचा असेल तर बहुधा बंद. नाही तर एकच स्वर दोनदा गाळला जाऊन घुसमटतो. आमच्या विद्यार्थ्याने घरी ती बंद ठेवली होती आणि मंडपातही ती तशीच राहिली. प्रामाणिक कर्ण्याने मग सारे उघडे पाडले!

दुसरे कारण आपल्या कानात आहे. फ्लेचर व मन्सन यांनी १९३३ साली दाखवून दिले की, आवाज हळू असता खर्ज व अतितीव्र स्वर कानास कमी जाणवतात. आवाज वाढला की त्यांचे वजनही वाढते. म्हणून रात्री घरी हळू आवाजात जुळविलेला स्वर मंडपात घुमतो आणि बोचतो. कार्यक्रमाच्या आवाजातच तो जुळवावा. शंभर कंपनांखालचा खर्ज व पाच-सहा हजारांवरील धार छाटावी. फाटलेपणा व प्रतिध्वनी घरच्याहून कमी ठेवावा, कारण मंडप स्वतःच घुमत असतो.

वृद्ध गृहस्थांस हे कसे ठाऊक? त्यांचा बेंजो म्हणजे जपानात नागोया येथे मोरिता गोरो याने १९१२ साली काढलेल्या ताईशोगोतोचा वंशज. आपल्याकडे तो बुलबुलतरंग झाला, आणि मुंबई-कोकणच्या मिरवणुकांत विजेचा बेंजो होऊन कर्ण्यातून वाजू लागला. जुन्या कर्ण्यातून ना खोल खर्ज निघे, ना अतितीव्र धार. कर्णा काय गाळतो आणि काय फेकतो, हे जाणूनच त्या पिढीने आपला हात बसविला.

हा प्रश्न केवळ रसिकतेचा नाही. स्वर गोड लागेना की वादक तो मोठा करतो, आणि शेजारच्या घरातील तान्हे मूल दचकून उठते. २००० सालच्या नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. परंतु माधुर्याची उणीव मोठेपणाने भरून निघत नाही, हा धडा नियमाने नव्हे, कानानेच शिकावा लागतो.

हमरापुराहून न रंगविलेल्या कच्च्या मूर्तीही बाहेर जातात. त्यांत अवयव सारे असतात, पण डोळ्यांची आखणी झाल्यावाचून मुद्रा प्रकट होत नाही. पिकअपमधून निघालेला स्वर तसाच कच्चा असतो. त्या रात्री आमच्या विद्यार्थ्याने यंत्र बदलले नाही. आखणी कोठे करावयाची, एवढेच तो शिकला.