जळालेल्या इंधनाची छबी

लासलगावच्या 'कृषक' केंद्रात 2002 पासून कांद्यावर कोबाल्ट-60 चे गॅमा किरण सोडले जातात. कांद्याला मोड येत नाहीत आणि तो किरणोत्सारीही होत नाही. नाशिक जिल्ह्याला किरणांची ही सौम्य बाजू ओळखीची आहे. अणुभट्टीतून जळून बाहेर आलेल्या इंधनाची गत निराळी. ते स्वतःच इतके गॅमा किरण ओकत असतं, की त्याच्या जवळ उभं राहणंही जिवावर बेतावं. तरीही आत काय घडलं ते पाहावंच लागतं: इंधनाच्या गोळ्यांना तडे गेले का, त्या फुगल्या का, त्या ज्या नळीत भरलेल्या असतात तिच्या धातूत हायड्रोजन शिरला का?

क्ष-किरण इथे हात टेकतात. युरेनियमसारखा जड धातू त्यांना अडवतो, आणि फिल्म तर इंधनाच्याच गॅमा किरणांनी काळवंडून जाते.

यावरचा उपाय इंधनाचा प्रश्न उभा राहण्याआधीच जन्मला होता. जेम्स चॅडविक यांनी 1932 मध्ये न्यूट्रॉन शोधला. त्यानंतर तीनच वर्षांत बर्लिनमध्ये हार्टमुट कालमान आणि एर्न्स्ट कून यांनी न्यूट्रॉननी छायाचित्रं घेण्याचे प्रयोग सुरू केले. न्यूट्रॉनची गाठ अणूच्या केंद्रकाशी पडते, इलेक्ट्रॉनशी नाही. त्यामुळे शिसं त्याला सहज वाट देतं आणि पाणी किंवा मेण अडवतं. युरेनियमच्या दोन समस्थानिकांतला फरकही त्याला कळतो. मात्र कालमान-कून यांच्या हाती न्यूट्रॉनचा झोत क्षीण होता. 1956 मध्ये इंग्लंडमधल्या हार्वेलच्या अणुभट्टीवर जे. थ्युलिस यांना जोरदार झोत मिळाला, तेव्हा चित्रं खरी स्पष्ट झाली.

गॅमाचा अडसर ज्या युक्तीने दूर झाला, ती या साऱ्या कुळकथेतली सर्वांत देखणी गोष्ट आहे. झोतात फिल्म ठेवायचीच नाही! तिच्या जागी डिस्प्रोसियमचा किंवा इंडियमचा पातळ पत्रा ठेवायचा. गॅमा किरणांचा त्यावर ठसा उमटत नाही. न्यूट्रॉन जिथे जितके पोहोचतील, तिथे तितका तो किरणोत्सारी होतो. मग तो पत्रा इंधनापासून दूर, अंधाऱ्या खोलीत नेऊन फिल्मला चिकटवायचा, म्हणजे त्याच्या किरणोत्साराने तिच्यावर चित्र उमटतं. डिस्प्रोसियमचा किरणोत्सार सुमारे 2 तास 20 मिनिटांत निम्मा होतो, म्हणून ही ने-आण रेंगाळून चालत नाही. अमेरिकेत आर्गॉन प्रयोगशाळेच्या हॅरॉल्ड बर्गर यांनी 1960 च्या दशकात हे तंत्र रुजवलं.

भारतात 4 ऑगस्ट 1956 रोजी तुर्भ्याला 'अप्सरा' अणुभट्टी सुरू झाली आणि पुढे तिच्या झोतावर न्यूट्रॉन-चित्रण होऊ लागलं. जळालेल्या इंधनासाठी मात्र तपासणीच्या बंदिस्त कोठडीला लागूनच भट्टी हवी होती. त्यासाठी तमिळनाडूतल्या कल्पाक्कमला 'कामिनी' बांधली गेली. तिची क्षमता अवघी 30 किलोवॉट. तिचं इंधन युरेनियम-233, तुर्भ्याच्या 'सायरस' भट्टीत थोरियमवर न्यूट्रॉनचा मारा करून मिळवलेलं. तिच्या गाभ्याची चाचणीही आधी तुर्भ्यालाच, 'पूर्णिमा-3' या भट्टीत झाली. 29 ऑक्टोबर 1996 रोजी 'कामिनी'त साखळी अभिक्रिया सुरू झाली.

वरच्या कोठडीतून इंधनाची नळी खाली झोतात सोडायची, अशी तिथली रचना. शेजारच्या शीघ्र प्रजनक चाचणी भट्टीत प्लुटोनियम-युरेनियम कार्बाइडचं इंधन वापरलं जाई. तेही तुर्भ्यालाच घडवलेलं, आणि त्याचा जगात फारसा कुणाला अनुभव नव्हता. म्हणून सुरुवातीला ते किती जाळायचं, यावर टनामागे 25 हजार मेगावॉट-दिवस ऊर्जा इतकीच मर्यादा घातली होती. जळालेल्या नळ्या टप्प्याटप्प्याने तपासल्या गेल्या. गोळ्यांची चळत किती लांबली, ते न्यूट्रॉनच्या चित्रांवरून मोजलं गेलं. इतर चाचण्यांचीही त्याला जोड होती, आणि ही मर्यादा दीड लाखाच्या पुढे नेता आली.

त्याच झोतासमोर पुढे इस्रोच्या यानांतले छोटे स्फोटक भागही आले. धातूच्या कवचाआड भरलेलं हायड्रोजनयुक्त स्फोटक न्यूट्रॉनच्या चित्रात ठळक दिसतं, त्यामुळे ते नीट भरलं आहे की मध्ये पोकळी राहिली आहे, हे उड्डाणाआधीच कळतं.