संस्थेच्या पोस्टरसाठी कोणते सॉफ्टवेअर वापरावे?

रक्तदान शिबिर असो, शिष्यवृत्तीचे अर्ज असोत की रमजानमधले रेशन किट, पोस्टर लागतेच. लोकांनी विश्वासाने दिलेला पैसा महागड्या सॉफ्टवेअरवर घालवायची गरज नाही आणि चोरीची कॉपी तर अमानतीला शोभत नाही. म्हणून आम्ही सांगतो, आधी काम काय ते बघा.

व्हॉट्सॲपचे पोस्टर: कॅनव्हा मोबाईलवरही चालते. नोंदणीकृत सेवाभावी संस्थेचा अर्ज मंजूर झाला, तर त्यातल्या सशुल्क सुविधा मोफत मिळतात.

फोटो: गिंप.

लोगो, बॅनर: इंकस्केप. यात काढलेला लोगो कितीही मोठा केला तरी कडा फाटत नाहीत.

पुस्तिका, वार्षिक अहवाल: स्क्रायबस. छापखान्याला लागणारी सीएमवायके पीडीएफ यातून निघते. नवी आवृत्तीच घ्या, जुन्यात मराठी-उर्दू अक्षरे बिघडतात.

हे तिन्ही पूर्ण मोफत आहेत, मात्र कॉम्प्युटर हवा.

फॉन्ट: मराठीला मुक्ता, उर्दूला नोटो नस्तालिक, दोन्ही मोफत.

शेवटचे आणि महत्त्वाचे: खाते संस्थेच्याच ईमेलवर उघडा. कार्यकर्त्याच्या खाजगी ईमेलवर असेल, तर तो नोकरीसाठी बाहेरगावी गेला की पासवर्डही गेला आणि सगळी पोस्टरेही.