तेरेखोलच्या अलीकडचा वाचक

मराठी लघुनिबंधाचा इतिहास सांगणारे बहुधा ना. सी. फडके यांच्या 'गुजगोष्टीं'पासून आरंभ करतात, त्यांच्या पाठीशी असलेल्या गार्डिनर, लिंड आदी इंग्रज निबंधकारांचा उल्लेख करतात आणि अनंत काणेकरांकडे वळतात. वि. स. खांडेकरांचे नावही त्यात येते. परंतु ते कोठे बसून लिहीत होते, हे सांगण्याची गरज कोणास वाटत नाही. आम्हां पेडणेकरांना ती वाटावयास हवी. १९२७ साली 'निकाल द्या' हा त्यांचा लघुनिबंध सावंतवाडीच्या 'वैनतेय' साप्ताहिकात आला, तेव्हा खांडेकर शिरोड्याच्या शाळेत शिकवीत होते. १९२० ते १९३८ अशी अठरा वर्षे ते तेथे राहिले. शिरोड्याहून दक्षिणेस निघाले की रेडी, रेडीपुढे तेरेखोलचा किल्ला, आणि नदी उतरले की केरी, म्हणजे आमचा पेडणे महाल. फडके आधी की खांडेकर आधी, हा वाद समीक्षकांनी पुष्कळ घातला आहे. त्यात आम्हांस पडावयाचे नाही. मराठीतील एक नवा वाङ्मयप्रकार आमच्या उंबरठ्याशी आकार घेत होता, एवढेच आम्हांस पुरे आहे.

तो स्वीकारावयास येथील वाचक तयार कसा होता, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागते. देशी भाषेवर बंदी घालणारे पोर्तुगीज फर्मान १६८४ चे. डिचोली आणि सत्तरी पोर्तुगीजांकडे गेली ती १७८१-८२ च्या सुमारास, पेडणे १७८८ मध्ये. जुन्या काबिजादींवर कोसळलेले ते शतक आमच्या वाट्याला आले नाही. त्यामुळे आमच्या घरांतील पोथ्या माळ्यावर लपल्या नाहीत, देवळांतील कीर्तन थांबले नाही, जमिनीचे कागद मोडीत लिहिले जात राहिले. बोलणे घरच्या बोलीत, वाचणे मराठीत, आणि कोर्टकचेरीपुरते पोर्तुगीज, अशी आमच्या वाडवडिलांची वाटणी होती.

परंतु या सर्व वाचनात मत नेहमी दुसऱ्याचे असे. पोथीत शास्त्राचे, कीर्तनात बुवांचे, कागदात सरकारचे. पावसाळी दुपारी पडवीत बसलेल्या माणसाला छत्रीविषयी, शेजाऱ्याच्या गायीविषयी, नुकत्याच वाचलेल्या कादंबरीविषयी स्वतःचे असे काही वाटते, आणि ते लिहिण्याजोगे असते, हे लघुनिबंधाने प्रथम सांगितले. आज ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. ज्या मुलुखात १९२६ नंतर पोर्तुगालमधील हुकूमशाहीची छाया पडली, वर्तमानपत्रांचा मजकूर छापण्यापूर्वी तपासला जाऊ लागला, तेथे ती क्षुल्लक नव्हती. मोठ्या विषयांवर मत देण्याची सोय उरली नाही तेव्हा लहान विषयांवर मत बाळगण्याची सवय तरी टिकली.

या प्रकाराचे कर्ते पाहिले तर बहुतेक सारे शिक्षक. फडके प्राध्यापक, खांडेकर शाळामास्तर. गोव्यातच शिक्षकी करणारे बा. भ. बोरकर यांचा 'कागदी होड्या' हा लघुनिबंधांचा संग्रह १९३८ चा. सावईवेऱ्याचे लक्ष्मणराव सरदेसाई हेही शिक्षकच. पुढे त्यांना १९८२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो कोंकणी निबंधांसाठी. बोरकरांनाही आदल्याच वर्षी तो कोंकणी काव्यासाठी मिळाला होता. भाषावादाच्या दिवसांत आमच्यापैकी अनेक घरांनी ही दोन नावे घेणे सोडले. ते आम्हांस तेव्हाही रुचले नाही. मराठी निबंध लिहिताना कमावलेला हात माणूस दुसऱ्या भाषेत गेला म्हणून परका होत नाही.

जाता जाता एक गोष्ट. पेडणे महालाच्या उत्तरेकडून निबंध आला, तसा दक्षिणेकडून, शापोऱ्यापलीकडून, फुटबॉल आला. १८८३ साली शिवोलीत फादर लायन्स यांनी हा खेळ गोव्यात आणला असे मानतात. निसर्गावर आमच्याकडे पानेच्या पाने लिहिली गेली, चांदणे तर कोणी सोडले नाही. पण भात कापल्यावर मोकळ्या झालेल्या शेतात चेंडूमागे धावणाऱ्या पोरांवर एक चांगला मराठी लघुनिबंध आमच्या वाचनात नाही. मास्तरांचे वाङ्मय असल्याचा हा दोष असावा. मास्तर पोरांकडे वर्गात पाहतो, शेतात नव्हे.

याहून मोठा दोष मात्र लेखकांचा नाही, आमचा आहे. शिरोड्याला १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला. त्या किनाऱ्यावरील मिठागरे, दारिद्र्य, कष्टकरी माणसे खांडेकरांनी अठरा वर्षे पाहिली, आणि त्यांच्या लघुनिबंधांत चांदण्याच्या कडेने ती सारखी येत राहतात. आमच्या घरांनी ते वाचले, वाचून डोळे पुसले. त्याच वेळी खळ्यात मुंडकार उभा होता. भाटकाराच्या जमिनीत त्याचे खोपटे, आणि ते कधी मोडावयाचे हे भाटकाराच्या मर्जीवर. डिचोलीत काय, पेडण्यात काय, आमच्यासारखी जुनी घरे या व्यवस्थेच्या वरच्या पायरीवर बसलेली होती. स्वतःचे मत बाळगावयास शिकलेल्या त्या वाचकांपैकी कितींनी ते मत आपल्या खळ्यापर्यंत नेले? कुळांना संरक्षण देणारा कायदा १९६४ चा, मुंडकारांचा १९७५ चा. दोन्ही विधानसभेने केले, आणि आमच्यापैकी अनेकांनी ते वकील लावून लढवले. हे लिहिताना आम्ही स्वतःला वगळीत नाही.

आमच्या आजोबांच्या पेटीत 'वायुलहरी'ची १९३६ ची प्रत आहे. वाळवीने तिचे कोपरे खाल्ले आहेत, बांधणी सुटली आहे. आजोबा वाचताना समासात लिहीत. आवडलेल्या जागी एक बारीक रेघ, क्वचित 'शंका', आणि गरिबांच्या हालाविषयीच्या एका परिच्छेदाशेजारी 'अगदी खरे'. लहानपणी आम्हांस त्या दोन शब्दांचा अभिमान वाटे. पुढे मोडी वाचता येऊ लागली तेव्हा मलपृष्ठाच्या आतल्या कोऱ्या बाजूवरचा मजकूर कळला. ती त्या सालच्या खंडाची यादी आहे: कुळाचे नाव, भाताच्या खंडी, आणि शेवटच्या तीन नावांपुढे 'बाकी, उठवणे'. अक्षर तेच आहे. शाईही तीच असावी.