ठोकळ्यांच्या खेळांतील भुतांचे वाडे

नव्या घरास जुनेंपण आणण्यासाठीं मनुष्यानें केलेल्या खटपटींचा इतिहास कोणी लिहावयास घेतला, तर त्याचें अखेरचें प्रकरण त्यास संगणकावरील एका खेळास द्यावें लागेल. 'माइनक्राफ्ट' हें त्या खेळाचें नांव. मार्कुस पेर्सन या स्वीडिश गृहस्थानें इ. स. २००९ च्या मे महिन्यांत त्याचा कच्चा नमुना लोकांपुढें ठेविला व १८ नोव्हेंबर २०११ रोजीं तो पूर्णरूपानें बाहेर आला. त्यांतील सारी सृष्टि एक मीटर घनाच्या ठोकळ्यांची आहे. ते फोडावे, सांठवावे आणि रचावे. दिवसा बांधकाम करावें व रात्रीं राक्षसांपासून जीव वांचवावा, हा खेळाचा मूळ क्रम. ज्या खेळांत भिण्यासारखें दाराबाहेर इतकें आहे, तेथेंच घराच्या आंत भीति बांधूं पाहणारांचा एक वर्ग उत्पन्न व्हावा, हें वाचकांस विलक्षण वाटेल. आम्हांस मात्र या मंडळींचा उद्योग निव्वळ पोरखेळ वाटत नाहीं. त्याची वंशावळ पावणेतीनशें वर्षांची आहे, आणि तिचा मूळपुरुष इंग्लंडच्या एका मुख्य प्रधानाचा पुत्र होता.

हॉरेस वॉलपोल यानें ट्विकनहॅम येथें थेम्सकांठीं एक लहानसें घर घेतलें व १७४९ पासून त्यास मध्ययुगीन रूप देण्यास आरंभ केला. 'स्ट्रॉबेरी हिल' म्हणतात तें हेंच. तेथील मोठ्या दालनाचें छत वेस्टमिन्स्टरच्या मठांतील दगडी छताचें अनुकरण आहे, पण तें दगडाचें नसून कागदाच्या लगद्याचें! याच घरांत पडलेल्या एका स्वप्नावरून त्यानें 'द कॅसल ऑफ ओट्रँटो' ही कादंबरी लिहिली; ती १७६४ च्या अखेरीस प्रसिद्ध झाली. घर आधीं आणि भुताची गोष्ट मागून, हा क्रम ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. वॉलपोलच्या पुढें एक पाऊल टाकणारा विल्यम बेकफर्ड. त्यानें फॉन्टहिल येथें जेम्स वायट या शिल्पज्ञाकडून मठासारखा प्रचंड वाडा उभारविला. त्याचा मनोरा सुमारें पावणेतीनशें फूट उंच होता. पायाची हयगय झालेली असल्यामुळें तो १८२५ सालीं कोसळला. बेकफर्डनें वाडा त्यापूर्वींच विकून टाकला होता, हें त्याचें दैव.

परंतु आजच्या खेळाडूस 'भुताचें घर बांध' म्हटलें असतां तो सहसा मठ बांधीत नाहीं. उभट मॅन्सार्ड छप्पर, त्यांत डोकावणाऱ्या खिडक्या, मधोमध एक मनोरा, पुढें लांकडी ओसरी, असा अमेरिकन वाडा तो बांधतो. हें घर मूळचें भीतिदायक मुळींच नव्हे. यादवी युद्धानंतरच्या दिवसांत तेथील सुखवस्तु लोकांच्या वैभवाची ती खूण होती. १८७३ च्या व्यापारी अरिष्टानंतर ही ढब मागें पडली. पुढें अशा पुष्कळ घरांतून भाडेकरू भरले, रंग उडाला, आणि नातवांस आजोबांचें ऐश्वर्य ओंगळ वाटूं लागलें. एडवर्ड हॉपरनें १९२५ सालीं आगगाडीच्या रुळांपलीकडे एकाकी उभें असलेलें असेंच एक घर रंगविलें. चार्ल्स ॲडम्स यानें 'न्यू यॉर्कर' साप्ताहिकांतील व्यंगचित्रांत त्यांत एक विक्षिप्त कुटुंब वसविलें, आणि १९६० सालीं हिचकॉकच्या 'सायको' चित्रपटानें तें जगभर नेलें. घराची फॅशन मेली म्हणजे त्यांत भूत शिरतें, असें म्हणावयास हरकत नाहीं. कॅलिफोर्नियांतील डिस्नेच्या उद्यानांतील भुतांचा वाडा १९६९ सालीं खुला झाला. त्याचें बाह्यांग पडकें दाखवूं नये, असा मात्र वॉल्ट डिस्ने याचा आग्रह होता. त्या आग्रहास मान मिळाला, आणि आमच्या मतें वाड्याचें त्यांत कांहींच बिघडलें नाहीं.

आतां खेळांतील कारागिराची खरी अडचण पाहूं. त्याच्या सृष्टींत झीजच नाहीं. लांकूड कुजत नाहीं, चुना गळत नाहीं. खालचा मजला काढून घेतला तरी वरचा अधांतरीं राहतो. वाळू, खडी आदिकरून थोडे पदार्थ तेवढे खालीं पडतात. बेकफर्डचा मनोरा तेथें कल्पांतापर्यंत उभा राहिला असता! तेव्हां पडझड हीदेखील हातानें बांधावी लागते. शेवाळलेले दगड, तडा गेलेल्या विटा, वेली, कोळिष्टकें हें तिचें साहित्य. यांतील शेवाळलेले दगड व फुटक्या विटा, स्वतः कमावून खेळणारास, २०१४ पर्यंत जेथें तयार सांपडतील तेथून खणूनच आणाव्या लागत. त्या वर्षींच्या सुधारणेनंतर दगडास वेल जोडली कीं शेवाळ होऊं लागलें आणि चांगली वीट भट्टींत घातली कीं तडकूं लागली. वॉलपोलच्या कागदी लगद्याची ही पुनरावृत्तिच होय. वयानुसार खरोखर पालटणारा पदार्थ एकच, तांबें. तें २०२१ सालीं आलें. तें क्रमाक्रमानें हिरवें पडतें, आणि हवें त्या अवस्थेस मेण चोपडून तें थांबवितां येतें. म्हातारपण हवें तेथें थोपवून धरण्याची ही सोय पाहून कोणाही प्रौढ वाचकास हेवा वाटेल.

साहित्य सुलभ झालें, पण विवेक सुलभ होत नाहीं. नवशिका प्रत्येक कोपऱ्यांत कोळिष्टक लावतो, दारांत भोपळ्याचे दिवे ठेवतो, आणि त्याचें घर जत्रेंतल्या देखाव्यासारखें होतें. जाणता कारागीर निराळा विचार करतो. पाऊस कोणत्या बाजूनें लागत असेल? कोणती खोली माणसांनीं आधीं सोडली असेल? जिन्याची कोणती पायरी नाहींशी झाली असावी? एकच खिडकी फुटकी ठेवून बाकीच्या धड ठेवणारा कारागीर आम्हांस पाहावयास मिळाला कीं त्याच्या हातास यश आहे, असें आम्ही समजतो.

दुसरी अडचण काळोखाची. ती याहून बिकट होती. या खेळांत प्रकाशाच्या शून्यापासून पंधरापर्यंत पायऱ्या आहेत, व २०२१ च्या नोव्हेंबरपर्यंत सात किंवा त्याखालील प्रकाशांत राक्षस आपोआप उत्पन्न होत. म्हणजे भयाण दिसेल इतका अंधार केला कीं घर खरोखरच पछाडलें जाई, आणि कारागीर आपल्याच दिवाणखान्यांत मारला जाई. राक्षस बंद ठेवण्याची सोय खेळांत आहे खरी, परंतु मग भुताचें घर तरी कशास बांधावें? म्हणून गालिच्याखालीं दिवे लपविणें, ज्यांवर राक्षस उपजत नाहींत अशा अर्ध्या उंचीच्या ठोकळ्यांची जमीन करणें, असल्या युक्त्या निघाल्या. २०२० सालीं निळ्या ज्योतीच्या मशाली आल्या; साध्या मशालीचा उजेड चौदा, तर यांचा दहा. पुढल्या वर्षाअखेर नियमच बदलला आणि दिव्यांचा अगदीं शून्य प्रकाश असेल तेथेंच राक्षस उपजूं लागले. या कलेच्या इतिहासांत एवढी महत्त्वाची दुसरी घटना आम्हांस दिसत नाहीं. मिणमिणता एक दिवा आणि भोंवतीं काळोख, हें चित्र तेव्हांपासून निर्भयपणें काढतां येऊं लागलें.

खेळाच्या कर्त्यांनींही या कामीं हात आंखडता घेतला नाहीं. भोपळे २०१० त आले, वटवाघळें व दलदलींतील चेटकिणीच्या झोंपड्या २०१२ त. २०१६ सालीं गर्द अरण्यांतला तीन मजली वाडा आला. तो भव्य आहे, पण त्याची एकही फळी निखळलेली नाहीं, म्हणून आम्हांस तो सरकारी विश्रामगृहासारखा वाटतो. त्यांतील बिनदाराच्या गुप्त खोल्या मात्र खऱ्या नामी.

याहून आम्हांस अधिक जवळचें वाटलें तें डिसेंबर २०२४ मध्यें आलेलें फिकट वन. आपल्याकडील भूत घरापेक्षां झाडांत अधिक रमतें. मुंज्यास पिंपळ लागतो. त्या वनांतील प्राण्याचा जीवही झाडाच्या खोडांतील एका ठोकळ्यांत असतो, आणि तो ठोकळा फोडल्यावांचून प्राणी मरत नाहीं. हा ठोकळा उचलून त्याच फिकट लांकडाच्या दोन ओंडक्यांमध्यें बसविला, तर घराच्या खांबांतही तो जागा होतो. मग रात्रीं त्या खांबाच्या आसपास तो प्राणी येऊन उभा राहतो, आणि कोणाची दृष्टि त्याजवर असेपर्यंत जागचा हलत नाहीं.